फ्लॉपीच्या फटीतले तांदूळ

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्याच्या कंगव्यात केस दिसला तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण त्या रविवारी पलूसला चुलत्यांच्या घरी जी किळस आली ती उंदराची नव्हती आणि झुरळाचीही नव्हती. ती अजून गेलेली नाही.

भाऊसो माझे थोरले चुलते. सांगलीतल्या एका खरेदी-विक्री संघात त्यांनी एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. संघाचं नाव मी घेत नाही, माझं तोंड विटाळेल. सत्त्याण्णव साली काका रिटायर झाले. पुढच्या वर्षी संघानं गोदामातलं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा काका मुद्दाम गेले आणि तिथला बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आले. तोही गळ्यातल्या टॉवेलात गुंडाळून, तान्हं पोर आणावं तसा. भाऊसोला म्हातारचळ लागला असं गल्लीत सगळे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मीही म्हटलं. ज्या लोकांनी या माणसाला आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांचंच भंगार हात जोडून विकत आणायचं, म्हणजे लाज कशी वाटत नाही, असं मला झालं होतं.

मी तेव्हा साताऱ्यात एका डीटीपी सेंटरवर कामाला होते. लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची निमंत्रणं टाइप करायची, आणि मशीन अडलं की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीच बसायची. काकांनी एसटीडी बूथवरून फोन केला. मशीन पेटत नाही, तू ये आणि उघडून बघ, एवढंच म्हणाले. कशाला हवंय, काय करणार आहात, असं मी विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला. शेवटी मी सेंटरच्या अडगळीतली तीन-चार जुनी कार्डं, कॉम्प्युटरच्या आत बसवतात ती, पिशवीत टाकली आणि सकाळची एसटी पकडली.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत टेबलावर होता, वर धुतलेलं धोतर पांघरलेलं. काकांनी मला साबणानं हात धुवायला लावले, आणि मी आत गेल्यावर स्वतः उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. मी म्हटलं, आत या की.

"नगं. धूळ जाती," काका म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य त्यांचं नव्हतं. एकोणनव्वद साली संघात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, थंड हवेचं यंत्र लावलं, चपला बाहेर काढायचा नियम केला. साहेब, हिशेबनीस, साहेबांचा मेव्हणा, सगळे मोज्यांनी आतबाहेर करायचे. फक्त काकांनी काचेच्या आत यायचं नाही, का, तर धूळ जाते. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला होता, शिवाय कायदा होता, त्यामुळे तोंडावर जात काढायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मग जातीला धूळ म्हणायची सोय निघाली.

पुढचं मला घरात कानावर आलं होतं तेवढंच ठाऊक होतं. एक्क्याण्णव सालच्या खंडेनवमीनंतर तो कॉम्प्युटर बंद पडला आणि त्याचा ठपका काकांवर आला. काका मॅट्रिक पास. त्याच वर्षी कारकुनाच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं, ते उडालं. त्यांची बदली हळदीच्या गोदामात झाली, आणि रिटायर होईपर्यंत सहा वर्षं ते हळदीची भुकटी छातीत भरून घेत राहिले. आजही बोलताना मधेच खोकतात. माझे वडील म्हणायचे, हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कारण चौकशीत काकांनीच लिहून दिलं होतं की हो, मी हात लावला.

मी स्क्रू सोडवायला बसले. सीपीयूच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, सुकून तपकिरी पडलेलं. स्क्रू गंजले होते. तेवढ्यात काका उंबऱ्यावरून, जमिनीकडे बघत, बोलायला लागले.

त्या खंडेनवमीला काचेच्या खोलीत यंत्राची पूजा झाली. फुलांची पाटी काकांनी आणली, पण आत नेली दुसऱ्यानं. काका काचेबाहेर उभे राहून बघत होते. पूजा झाली, प्रसाद वाटला, सगळे घरी गेले, आणि जाताना साहेबांनी काकांना सांगितलं की आतला पाला-फुलांचा कचरा उचल. म्हणजे पूजेला धूळ जाते आणि कचरा उचलायला जात नाही. काका चपला काढून आत गेले, झाडून घेतलं, आणि निघताना त्यांना राहवलं नाही. त्यांनी एका बटणाला बोट लावलं.

"एकच बटण दाबलं म्या. दुसऱ्या दिवशी ते पेटलंच न्हाई," काका म्हणाले.

नंतर मशीन त्याच हळदीच्या गोदामात पोत्यांखाली टाकलं होतं. काकांना ते रोज दिसायचं. बोटानं खरंच बिघडतं का, हे विचारायचं तर कुणाला. लिलावात ते का घेतलं हे मला आत्ता कळलं. त्यांना कॉम्प्युटर नको होता. त्यांना तो उघडून हवा होता.

मी झाकण उचललं आणि आधी वास आला. उंदराच्या मुताचा, कुजक्या गोणपाटाचा, त्यात हळदीचा. काकीनं, म्हणजे शालूबाईनं, नाकाला पदर लावला आणि ती मागं सरली. आत उंदरानं घर केलं होतं. कागदाचे तुकडे, कापूस, सुतळी, सगळं पिवळं झालेलं, आणि मधे एक वाळकं पिल्लू. झुरळांची अंडी तारांना चिकटली होती. एका कोपऱ्यात, मागच्या उघड्या फटीखाली, चघळून टाकलेली सुपारी आणि तंबाखूच्या चंचीएवढी राख. राख उदबत्तीची की सिगारेटची ते सांगता येत नव्हतं. सुपारी काही उंदीर चघळत नाही. चपला काढून, मोजे घालून त्या देव्हाऱ्यात जाणारी माणसं आत बसून थुंकत होती, एवढं मला दिसलं. मी बाहेर जाऊन चूळ भरून आले.

मग मी पुढची बाजू बघितली, जिथं फ्लॉपी घालायची फट असते. फटीत तांदूळ होते. कुंकवानं माखलेल्या अक्षता, एकाला एक चिकटून दगड झालेल्या. त्यांच्या मागं नारळाच्या शेंडीचे दोन-तीन धागे. आणि तिथून खाली, आतल्या एका कार्डापर्यंत, चिकट पाण्याचा ओघळ वाळला होता. त्या ओघळाखाली कार्ड हिरवं-काळं होऊन खाल्लं गेलं होतं.

मी काकांना विचारलं, नारळ कुणी फोडला.

"सायबांनीच. फोडला नि समदं पाणी म्होरल्या अंगानं मशीनवर वतलं. आमी भायेरनं बघत हुतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते असं असतं. मी काकांना उंबऱ्यावरून हाताला धरून आत ओढलं, जवळ उभं केलं, तांदूळ दाखवले, ओघळ दाखवला, जळकं कार्ड उपसून त्यांच्या तळहातावर ठेवलं. नारळाच्या पाण्यानं हे मेलं, पूजेत, साहेबाच्या हातानं, तुम्ही आत जायच्या आधीच, असं तीन वेळा सांगितलं. बोटानं काहीही होत नाही. मी रोज हजार बटणं दाबते.

त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, पुण्याहून मेकॅनिक आला होता, त्यानं हे उघडलं होतं, आणि मग काचेचं दार लावून साहेब आणि तो अर्धा तास बोलत होते. त्यानंतर चौकशी लागली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. उघडलेलं मशीन समोर होतं, अक्षता समोर होत्या, आणि त्यांनी झाकण लावून या माणसाकडून कबुली लिहून घेतली. काकी पडवीच्या कडेला जाऊन थुंकली. मला तेही थोडं वाटलं.

पुढचे दोन तास मी घाण काढली. उंदराचं घर चिमट्यानं उचलून टाकलं, स्पिरिटनं सगळं पुसलं, फ्लॉपीच्या फटीतले तांदूळ केसातल्या पिनेनं एक-एक टोकरून काढले. जळलेलं होतं ते एकच कार्ड. तसलं माझ्या पिशवीत निघालं, आमच्या सेंटरनं फुकट टाकून दिलेलं. माणसाची कारकुनी गेली ती एवढ्यापायी. कार्ड बसवलं, वायर लावली, बटण दाबलं. आत कुरकुर झाली आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. शेवटी एक हिरवी रेघ लुकलुकत थांबली.

मी काकांना म्हटलं, बसा, दाबा आता पाहिजे ते बटण. ते उठून बाहेर गेले. मला वाटलं साबणानं हात धुवायला गेले, आणि मी चिडून उठणार इतक्यात ते आत आले. पायात चपला होत्या. रस्त्यावरच्या, धुळीनं भरलेल्या. काकी चपलांवरून आम्हा पोरांना आयुष्यभर ओरडली, पण आज तिनं बाजूला होऊन वाट दिली. काका चपला घालून माझ्या खुर्चीत बसले. मला इतकं बरं वाटलं की सकाळपासूनची किळस गेल्यासारखी झाली.

त्यांनी एका बटणावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. पडद्यावर तेच अक्षर धावायला लागलं, एक ओळ भरली, दुसरी निम्म्यावर गेली. काका हसत होते. मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

मग मशीन ओरडायला लागलं. ठरावीक आकड्यापलीकडे अक्षरं मावेनाशी झाली की ते तसं ओरडतं, त्यात बिघाड काही नसतो. हे आधी सांगायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. काकांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि ते खुर्चीतून उठले.

"काय केलं गं म्या?"

काही नाही, काका, ते तसंच वाजतं, काही बिघडलं नाही, मी म्हणत होते. त्यांच्या कानापर्यंत ते पोचत नव्हतं. त्यांनी वाकून एक-एक करून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ते उंबऱ्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.