वाडीत सगळ्यात जास्त गुण

तळेघरच्या वरच्या वाडीत सर्वेवाली प्रतिभा टॅब घेऊन आली, तेव्हा भागू ओट्यावर नाचणी पाखडत होती. तीन पोरींची आई. तिसरीच्या वेळी मरता मरता वाचली. पुन्हा दिवस गेले तर जीव वाचायचा नाही, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. नवऱ्याला, अमृतला, पोरगाच पाहिजे होता.

प्रतिभा हुशार. "आजी, चहा टाकता का जरा?" म्हणत तिनं सासूला, कुशाबाईला, आत पिटाळलं. मग बाया किती सबल झाल्या ते मोजायचे प्रश्न काढले.

"दवाखान्यात जायचं कोण ठरवतं?"

"मीच की. दर तीन म्हयन्याला घोडेगावला जाते, पोर न ऱ्हायचं इंजेक्शन घ्याया. घरी सांगते, माहेरी चालले."

"नवऱ्याला ठाऊक नाही?"

"ठाऊक आसतं तर जित्ती ठेवली आसती व्हय, ताई?"

प्रतिभानं 'स्वतः' वर बोट टेकवलं. "गुपित राहील हं." शेवटी फोन नंबर मागितला. भागूनं दहाही आकडे घडाघडा म्हणून दाखवले. पाठ असल्याची ऐट होती तिला. घरात फोन एकच, अमृतचा.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. फॉर्म खरेच भरलेत का, हे तपासणारी पोरगी होती. तिला भागूशी बोलायचं होतं.

"देतो की मॅडम," अमृत गोडीत म्हणाला. स्पीकर लावून फोन त्यानं भागूच्या तोंडापुढं धरला.

"ताई, एकट्याच आहात ना?"

अमृतनं डोळे वटारले.

"व्हय."

"दवाखान्याचं स्वतः ठरवता?"

"न्हाई. ते ठरवत्यात."

"अहो, फॉर्मवर तर वेगळंय. तीन महिन्यांनी इंजेक्शन, नवऱ्याला न सांगता. नीट आठवा, नाहीतर आमच्या सर्वेवाल्या मुलीनं खोटं भरलं असं होईल."

अमृत तिच्या कानाशी वाकला. "सांग. खरं सांग."

"बराबर हाय."

"छान! वाडीत सगळ्यात जास्त गुण तुमचे, ताई."

फोन ठेवल्यावर अमृत ओरडला नाही. त्यानं हातही उचलला नाही.

"पुढची सुई कवा?"

"गुरवारी."

गुरुवारी घोडेगावची एसटी हॉर्न देऊन खालच्या रस्त्यानं निघून गेली. अमृत कामाला गेलाच नव्हता, उंबऱ्यात पाय आडवा टाकून बसला होता. कुशाबाईनं तिन्ही नातींना हाताला धरून बाहेर काढलं. "चला गं, शेजारी गोजरबाईकडं बसू."

"मरंन मी," भागू म्हणाली.

"पोरगा दे, मंग मर," अमृत म्हणाला आणि त्यानं दार लोटलं.