ट्रेलरमधली दोन वाक्यं

शाहिनाजने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आईच्या खुर्चीकडे थोडासा वळवला. वडील गेल्यापासून, दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे, या घरात कॉफीत साखर पडली नव्हती. डबा आता एवढ्याच कामाचा उरला होता.

"टीव्हीवर लाव की गं," फिक्रीमामा म्हणाला. "माझा मेव्हणा जन्मात पहिल्यांदा ट्रेलरमध्ये येतोय, तो काय काडेपेटीएवढा बघायचा?"

"टीव्हीचा आवाज फाटतो," आई म्हणाली. "आवाज कसा आलाय ते ऐकायचंय मला."

शाहिनाजलाही तेच ऐकायचं होतं. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वडील तिच्याशी बोललेच नव्हते. घशाला ताण नको, बोलायला लावू नका, असं डॉक्टरांनी तिलाच बजावलं होतं. पाणी हवं असलं की ते दोन बोटं उचलत. ती निघाली की तिच्या डोक्यावर तळवा ठेवत. ईदला येणाऱ्या या सिनेमाचं काम त्यांनी त्याआधीच केलं होतं, आणि आज त्याचा ट्रेलर आला होता.

वडिलांचा, वगीह अब्दुलबारींचा, सगळा जन्म सिनेमात गेला. कधी दरवान, कधी न्यायाधीश, कधी नवरीचा बाप. पण ट्रेलरमध्ये ते कधीच नसत. शाहिनाज लहान असताना ते तिला शुब्रा मोहल्ल्यातल्या थेटरात न्यायचे. दिवे मंद होत, येणाऱ्या सिनेमांचे तुकडे दिसू लागत, आणि वडील खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसत. तुकडे संपले की तिचा हात धरून उठत. "चल, कोशरी खाऊ." खरा सिनेमा तेव्हा कुठे सुरू होत असे. बापलेक बाहेर हातगाडीपाशी उभ्याउभ्या तो डाळभात खात, आणि आपण नेहमी सुरुवातीलाच का निघतो, हे तिला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

"लाव गं बाई, माझी बस चुकेल," मामा म्हणाला.

दाराजवळच्या खुर्चीवर मुन्तसिर बसला होता. वडिलांचा शिष्य. आजारपणात तो रोज दुपारी असरच्या नमाजानंतर यायचा आणि आत गेला की दार लावून घ्यायचा. पेपर वाचून दाखवत असेल, असं शाहिनाजला वाटे. सख्खा मुलगा करणार नाही एवढं करतोय, म्हणून तिने त्याला कितीदा तरी दुवा दिला होता.

तिने बोट टेकवलं. अलेक्झांड्रियाचा समुद्र, गच्चीवरून उडी मारणारा नायक, जळती बोट, कमरेत लचकणारी नायिका. मग एकाएकी संगीत थांबलं. धक्क्यावर, डोक्यावर जुनी टोपी घालून, वडील थेट समोर बघत होते.

"मी बुडालेल्यांना मोजत नाही. परत आलेल्यांना मोजतो."

मामाने मांडीवर थाप मारली. "वा रे माझ्या वाघा! सगळ्यांना खाऊन टाकलं!" त्याने आपला मोबाइल काढला आणि लोकांचे शेरे मोठ्याने वाचायला घेतले. "ऐका. 'अंगावर काटा आला.' 'या म्हाताऱ्यासाठी तिकीट काढणार.' 'असा आवाज आता इजिप्तमध्ये कुणाचा राहिला नाही.' आणि हा गाढव बघा, म्हणतो, 'ट्रेलर झकास म्हणजे सिनेमा पडणार.' अरे, तुझ्या बापाने काढला होता का सिनेमा?"

शाहिनाज हसली नाही. थांबायचं तिथे आवाज थांबला होता. 'परत' या शब्दावर वडील जसा भार देत, तसाच तो दिला होता. सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्या आवाजामागे भरलेली छाती होती, तरण्या माणसाची. वडील दमून बोलत. ते बरे होते तेव्हाही, वाक्याच्या शेवटी जरासे दमतच.

तिने मुन्तसिरकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"हा बाबांचा आवाज नाही."

"अगं, ओठ हलताहेत त्यांचे!" मामा म्हणाला.

"ओठ त्यांचेच आहेत."

आईने पेला खाली ठेवला. "मुन्तसिर, कॉफी घे बाळा. गार होतेय."

"आई, तुला माहीत होतं?"

आईने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "धक्क्यावर वारा फार होता. बोलणं सगळं वाया गेलं. पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हणाले, आणि ह्यांना एका वाक्याला श्वास पुरेना. निर्माता म्हणाला, मग म्हाताऱ्याचं काम कापू. तेव्हा ह्यांनीच याला बोलावून घेतलं. एकेक वाक्य घोटून घेतलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू बोलू दिलं असतंस त्यांना?"

 तेव्हा रोज दुपारी शाहिनाज जिन्यात उभी राहून शेजारच्या पोरांना दटावत असे, हळू खेळा, आत बाबा झोपलेत म्हणून. सूप गार होई. ती ते पुन्हा गरम करी आणि बंद दारापाशी थांबून राही.

"किती बोलायचे रोज?" तिने मुन्तसिरला विचारलं.

"श्वास असेल तेवढं. शेवटी शेवटी चिडायचे. म्हणायचे, गाढवा, घाई मी करायची, तू नाही."

मामाला हसू फुटलं. बहिणीचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"मुन्तसिर," शाहिनाज म्हणाली, "मला एकदा हाक मार. त्यांच्यासारखी."

"शाहिनाज, पुरे," आई म्हणाली.

पण तो उठून उभा राहिला. उस्तादांसमोर उभा राहत असेल तसा, पाय जुळवून. त्याने श्वास घेतला. तिने डोळे मिटून घेतले. खाली रस्त्यावर गॅसवाला सिलिंडरवर पाना बडवत गेला. तो आवाज वळणापलीकडे विरला, तरी खोलीत काही उमटलं नाही.

"येत नाही, ताई," मुन्तसिर आपल्या आवाजात म्हणाला. "त्यांनी फक्त सिनेमातली वाक्यं शिकवली. तुमचं नाव त्यात नव्हतं."