माईणकरसाहेबांच्या वाढदिवसाचं पत्र

मित्रांनो, मी एक रेकॉर्ड प्लेअर आहे, वयानं पंचेचाळिशी ओलांडलेला. माझ्या लाकडी खोक्याला एका कोपऱ्यात चीर गेली आहे आणि झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे. तरी तबकडी ठेवून सुई टेकवली की मी अजून गातो. सीबीडी बेलापूरला एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दिलीपराव आणि जयमालाबाई सामंत यांच्या घरी माझा मुक्काम असतो.

मुंबईतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दिलीपरावांनी मला घरी आणलं, तेही एकाच माणसासाठी. तो माणूस म्हणजे सिनेसंगीतकार रणजीत माईणकर. कोणत्या गाण्यात बासरी कोणी वाजवली, कोणता अंतरा ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी बदलला, सगळं दिलीपरावांना पाठ. पुढे त्यांनी माईणकर रसिक मंडळ काढलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी महापे, नेरूळ, उरणहून चाळीसेक माणसं जमायची आणि मधोमध टेबलावर मी. ते माझे मानाचे दिवस होते. नंतर मोबाइलवर गाणी आली आणि मी सात वर्षं पलंगाखाली जुन्या चादरीत पडून राहिलो. तबकडी फिरवणारा माझा रबरी बेल्ट वाळून तुटला. कुणी विचारलंही नाही.

मला पुन्हा बाहेर काढलं ते जयमालाबाईंनी. दिलीपरावांना विसर पडू लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण कितव्या मजल्यावर राहतो ते. डॉक्टर म्हणाले, जे आवडतं ते कानावर पडू द्या. बाईंनी हिंडून हिंडून माझा बेल्ट मिळवला. त्यानंतर दिलीपराव रोज तबकडी पुसत, सुई टेकवत, आणि तेवढा वेळ त्यांचा हात कुठेच चुकत नसे.

आणि या वर्षी माईणकर गेले.

टीव्हीवर बातमी लागली तेव्हा दिलीपराव हुंदके देऊन रडले. तासाभरात विसरले. संध्याकाळी पुन्हा तीच बातमी आणि पुन्हा तेच रडणं, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि पुन्हा तेच. मग बाईंनी पेपर बंद केला, टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली आणि ठरवलं, आता यांना सांगायचं नाही.

पण मंडळाची श्रद्धांजली सभा होती आणि तिथे मी हवा होतो. मंडळाचा सचिव अभय मला न्यायला आला, तर दिलीपराव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मी नसलो तर सुई कोण टेकवणार?" त्यांना कोण नाही म्हणणार? बाईही सोबत निघाल्या.

हॉलमध्ये माईणकरांच्या फोटोला हार घातला होता. दिलीपराव थबकले.

"हार कशाला रे, अभय?"

अभयनं बाईंकडे पाहिलं. त्या नुसती मान हलवत होत्या, नको, नको.

"काका, आज... वाढदिवस आहे ना साहेबांचा."

गीतांजली नावाच्या शिक्षिकेनं घाईघाईनं फोटोपुढची उदबत्ती टेबलामागे सरकवली. दिलीपराव खुलले. त्या दिवशी ते तासभर बोलले, एकही तपशील चुकला नाही. लोक हसत होते आणि डोळेही पुसत होते. शेवटी ते म्हणाले, "आपण साहेबांना पत्र पाठवू. सगळ्यांच्या सह्यांचं." त्यांनी सांगितलं, गीतांजलीनं लिहिलं: आणखी पुष्कळ चाली करा, आम्ही ऐकायला आहोत.

कागद फिरत फिरत उरणच्या गोटीरामभाऊंकडे आला. ते मंडळातले सर्वांत जुने. त्यांचं पेन अडलं.

"वैनी, मना सई करवत नाय," ते माझ्याशेजारी उभ्या बाईंना हळूच म्हणाले. "मेलेल्या मानसाला सुबेच्छा कश्या देऊ?"

"माझ्यासाठी करा, भाऊ."

त्यांनी सही केली आणि ते चहाला न थांबताच निघून गेले.

पत्र पोस्टात टाकलं असं त्यांना सांगितलं, पण ते घरी माझ्याखालच्या खणात येऊन पडलं. दिलीपराव जेवलो की नाही ते विसरत, पण पत्र विसरले नाहीत. रोज सकाळी विचारायचे, "जया, उत्तर आलं का?"

"पोस्टाला वेळ लागतो हो."

असे दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी ते म्हणाले, "साहेब रागावले वाटतं माझ्यावर. माझं काय चुकलं असेल गं?" त्यानंतर त्यांनी मला हात लावणं सोडलं. माझ्यावर धूळ साचली. माईणकरांचं नाव निघालं की ते अपराध्यासारखे खाली बघत.

मला हात लावणं सोडल्याच्या पाचव्या दिवशी बाई त्यांच्यापुढे येऊन बसल्या. "अहो, साहेब रागावले नाहीत. ते गेले. महिना होत आला."

दिलीपरावांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मग सगळ्यांनी सह्या कशा केल्या?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माझाच होता ना तो त्रास, जया? साहेबांसाठी मला साधं दोन मिनिटं उभंही राहू दिलं नाहीत तुम्ही."

खुर्चीचा हात धरून ते उठले. बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. खाली रिक्षा वाजत होत्या, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दोघं तसेच उभे. मग दिलीपरावांनी रुमालानं माझी धूळ पुसली आणि सुई टेकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "जया, उत्तर आलं का?"

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा पोस्टाचं नाव सांगतील. पण त्यांनी दिलीपरावांचा हात हातात घेतला आणि पुन्हा सगळं सांगितलं. ते पुन्हा रडले. दोघं पुन्हा उभे राहिले. आता काही सकाळी ते विचारतात, काही सकाळी नाही. विचारलं की बाई दरवेळी सगळं सांगतात, दरवेळी ते रडतात. पण आपलं काय चुकलं, असं दिलीपराव आता म्हणत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची निगा सोपी असते. धूळ पुसली, बेल्ट बदलला की झालं. विसरत चाललेल्या माणसाची निगा फार अवघड. त्याला जेवू घाला, औषध द्या, पण त्याच्या वाट्याचं रडू काढून घेऊ नका. तो रडेल तेव्हा फक्त त्याच्या शेजारी उभे राहा, हीच माझी विनंती.