हात कोणाचा बांधायचा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, पण ऊब देणारा नव्हे. माझे काम हात बांधून ठेवण्याचे. माझ्यात शिरलेल्या हाताला साधी पेन्सिलही उचलता येत नाही. मला पाहून लोक नाक मुरडतात. खुशाल मुरडोत. मी कोणाची माफी मागणार नाही.

मला शिवले जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेत. मेंदूला इजा होऊन एक हात लुळा पडला, की माणूस सगळे दुसऱ्याच हाताने उरकतो आणि मेंदू लुळ्या हाताला विसरत जातो. म्हणून चांगला हात बांधायचा आणि दुबळ्याला कामाला जुंपायचे. मग मेंदू नवी वाट शोधतो का, हे तिथल्या डॉक्टरीणबाई, ओकादा सेन्सेई, तपासत होत्या.

२००६ साली मी शिरीषच्या डाव्या हातात गेलो. जपानच्याच कावासाकी शहरात सॉफ्टवेअर लिहिणारा हा मुंबईकर. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. प्रयोग तीन आठवड्यांचा होता. माझ्या नावाने बोटे मोडायलाही बोटे मोकळी नव्हती, म्हणून तो मला तोंडानेच शिव्या घाली.

दोन आठवडे झाले तरी हात ढिम्म. आता फरक दिसला नाही तर थांबू, असे सेन्सेई म्हणाल्या. मला बांधल्याचे तास त्यांनी तपासले. ते चोख होते.

खरी गोम मला ठाऊक होती. शिरीष डाव्या हाताने कधीच जेवला नसता. मी असलो काय, नसलो काय. आणि उजव्याने घास जमत नाही म्हणून त्याची बायको कुमुदिनी त्याला दोन्ही वेळा भरवत होती. किती मायेने! मला भयंकर राग येई. पण मोज्याचे ऐकतो कोण?

शेवटी सेन्सेईंनी विचारले, जेवताना उजवा हात काय करतो? कुमुदिनी म्हणाली, "काहीच नाही. भरवते मी. जेवताना बांधायचाच, तर माझा हात बांधा."

सेन्सेईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या उजव्या हातात होतो; मला डावे-उजवे नाही. डाव्याने घास भरवणे तिलाही पटणारे नव्हते. समोर वरणभात. शिरीषचा पहिला घास टेबलावर पडला, दुसरा सदऱ्यावर.

"भरव ना गं," तो म्हणाला.

माझ्या आत तिची बोटे धडपडली. मी सोडले नाही. ती रडली, तरी सोडले नाही. शिरीष चिडला. माझ्यावर, तिच्यावर, अख्ख्या जपानवर. त्या रागातच त्याने भात मुठीत धरला आणि कसाबसा तोंडात कोंबला. अर्धा सांडला, अर्धा पोटात गेला.

आठवडा संपताना तो वाटीभर भात आपल्या हाताने जेवत होता. प्रयोग मध्येच थांबला नाही, तिन्ही आठवडे पुरे झाले. हात पूर्ण सुधारला, अशी थाप मात्र मी मारणार नाही.

आता माझी शिवण उसवली आहे आणि मी एका खणात पडून आहे. मला जपा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी कोणाचा हात थरथरत घास उचलत असेल, तर मध्ये पडू नका. सांडू द्या. भात पुन्हा वाढता येतो.