आडी महिन्यातले भाडेकरू

चेन्नईतल्या परंगीमलै टेकडीच्या पायथ्याशी, गोऱ्या फौजेच्या अमदानीतल्या बंगल्यांमागच्या गल्लीत, क्षितिजने घर भाड्याने घेतले ते आडी महिन्यात. आडी म्हणजे तमिळ पंचांगातला जुलै-ऑगस्टमधला अशुभ महिना; त्यात चेन्नईत कोणी बिऱ्हाड हलवत नाही. म्हणूनच तर असे घर मिळाले. स्टेशन चार मिनिटांवर. ऊर्मीला एग्मोरच्या बँकेत जायला थेट गाडी, त्याला ओरगडमच्या कारखान्याची बस नाक्यावर. ऊर्मीला तिसरा महिना होता.

"बारा दिवस थांबू या, महिना संपेल," ती म्हणाली होती.

"ग्रहांना भाडेकरार वाचता येत नाही," असे म्हणून त्याने सही केली.

घरमालक वसंतराव तंजावरी मराठी, आवडी या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त, वरच्या मजल्यावर राहणारे. आपल्या भाषेचा माणूस मिळतो म्हणून त्यांनी मनाविरुद्ध किल्ली दिली.

सप्टेंबरात विहिरीवरची मोटर जळली. ऑक्टोबरात वसंतराव जिन्यावरून घसरले. नोव्हेंबरात त्यांची पत्नी कमलिनी डेंग्यूने रुग्णालयात गेली आणि दुसऱ्याच दिवशी वसंतराव खाली आले.

"मी तेव्हांच सांगितलों, आडींत घर बदलूं नये मणून. तुम्ही हसलांत. आतां महिनाअखेर घर मोकळं करा पा."

"काका, मोटर पंधरा वर्षांची होती. जिन्याला कठडा नाही. आणि डास गल्लीत सगळ्यांनाच चावतात."

"चावतात सगळ्यांना. पडली कोण? माझी बायको!"

या युक्तिवादातला दोष शाळकरी पोरालाही दाखवता आला असता. त्याचा उपयोग मात्र शून्य होता. चार दिवसांत क्षितिजने नऊ घरे पाहिली. सगळीकडे एकच प्रश्न: बाईंना कितवा? सातवा म्हटले की दार बंद. गरोदर बाईने घर बदलायचे नसते. डिसेंबरच्या मध्याला मार्गळी हा आडीसारखाच निषिद्ध महिना लागणार, मग पोंगलपर्यंत किल्लीचे नावच नको. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही तिलाही वजन असते, इतरांनी ते पुरेसे टाकले की झाले, हे त्याला नवव्या दारात कळले.

रागावले तरी वसंतराव 'आमचे सायंटिस्ट' म्हणून कमलिनीचे रिपोर्ट त्याच्याकडूनच समजून घेत. सहाव्या दिवशीचा कागद त्याने दोनदा वाचला. ताप उतरलेला, रक्तदाब ठीक, रक्तस्राव नाही, प्लेटलेट चाळीस हजारांवर स्थिरावलेल्या. इथून बहुतेक रुग्णांचा आकडा दोन-तीन दिवसांत चढतो. एवढे सांगितले असते तर म्हातारा त्या दिवशी जेवला असता.

"काका," क्षितिज म्हणाला, "ग्रहांची शांत केली तर?"

वसंतराव पाहतच राहिले. "तुम्ही करतां?"

"मीच बसतो. उद्याच."

निषिद्ध मासात जाणूनबुजून गृहप्रवेश केल्याचा दोष त्याने होमापुढे, गल्लीच्या साक्षीने, स्पष्ट उच्चारांत कबूल केला. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट अठ्ठ्याऐंशी हजार झाल्या. कमलिनी घरी आली. वसंतरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. "घर तुमचंच. बाळंतपणही इथंच करा."

ऊर्मीने दार लावून घेतले. "म्हणजे आकडा चढणार हे तुला माहीत होतं."

"शक्यता होती. बरीच."

"मी बारा दिवस मागितले तेव्हा तुझी तत्त्वं आडवी आली. आता कुठे गेली होती?"

"तुझ्यासाठीच केलं."

"माझं नाव नको घालूस त्यात."

चौथ्या दिवशी सकाळी वसंतराव समोरच्या शशिकलाला घेऊन आले. तिची मुलगी वाणी चार दिवसांपासून तापाने फणफणत होती. शशिकलाच्या हातात वही होती.

"हिला मी सांगितलों, आमचे सायंटिस्टसुद्धां शांत केले मणून. शास्त्रीबुवांचा नंबर पाहिजे हिला."

"डॉक्टरला दाखवलं?"

"शांत झाल्यावर जाते मणती."

"नाही काका, आधी रक्त तपासायला सांगा. आजच."

वसंतरावांनी ते तमिळमध्ये सांगितले. शशिकलाने शांतपणे काहीतरी विचारले, आणि त्यांनी ते हसत मराठीत आणले. "ती विचारती, तुम्ही कां मग शांत केलांत?"

या प्रश्नाला खरे उत्तर एकच होते. वर कमलिनी खोकत होती. आत ऊर्मी भिंतीला धरून सावकाश उठत होती.

क्षितिजने नंबर सांगितला. शशिकलाने एक आकडा चुकीचा लिहिला. तो त्याने दुरुस्त केला.