निर्गुडीचा अर्क

त्रिवेणी डुकरांच्या तापावर संशोधन करते, हे पाहुण्यांना सांगताना तिच्या आईची, भागम्माची, जीभ अडखळायची. घरात रोजची शिवपूजा, आणि लेकीच्या तोंडी सदा डुकरं! "जनावरांची डॉक्टर आहे," एवढ्यावर ती विषय मिटवायची.

परभणीच्या प्रयोगशाळेत त्रिवेणी निर्गुडीच्या पाल्याचा अर्क काढून तापाच्या विषाणूवर घालून बघत होती. एके दिवशी काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये विषाणूची वाढ थांबलेली दिसली आणि तिचा आनंद पोटात मावेना.

त्याच भरात ती पेडगावला तानुबाईकडे रक्ताचे नमुने घ्यायला गेली. नवरा गेल्यावर भावकीने नाकं मुरडली तरी तानुबाईने पांढऱ्या डुकरांची शेड उभी केली होती. तिच्या हाकेसरशी डुकरिणी कान हलवत गोळा व्हायच्या.

"मावशी, तुमच्या बांधावर निर्गुडी आहे ना, तिच्यात या तापाचं औषध आहे बघा," त्रिवेणी बोलून गेली.

"खरं म्हंता?"

"विषाणू वाढतच नाही तिच्यापुढं. डोळ्यांनी पाहिलंय मी."

बशी म्हणजे डुक्कर नव्हे, हे सांगायचं राहिलं. राहिलं तरी कसं म्हणावं? तानुबाईचा उजळलेला चेहरा बघून तिला ते सांगवलंच नाही.

पावसाळा सरता सरता तानुबाईचा फोन आला. "डाक्टरीणबाई, लवकर या. डुकरिणी खाईनात. अंग लय तापलंय, कानं निळी पडायलेत."

त्रिवेणी पोचली तेव्हा शेडभर पाल्याचा उग्र वास होता. चुलीवर पातेलं उकळत होतं. एक गाभण डुकरीण मागचे पाय ओढत भिंतीला टेकली होती.

"लस कधी टोचली होती, मावशी?"

"यंदा न्हाई टोचली. सरकारी डाक्टर आलते. मी म्हनलं, राहू द्या, आमच्या बांधावरच औषध हाय. रोज काढा पाजायले मी. तुमी सांगितल्यापून एक दिस खाडा न्हाई."

"मावशी, ते औषध अजून झालेलंच नाही. जिवंत जनावरावर कुणी पाहिलेलं नाही. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

तानुबाई चुलीकडे वळली. वाकून तिने पातेल्याखालचं जळतं लाकूड बाहेर ओढलं.

ताप शेडभर फिरला. शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणून चुना टाकला, तेव्हा त्रिवेणी काठावर उभी होती. तानुबाई एकेकीला नावानं हाक मारून निरोप देत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्रिवेणीला वाटत राहिलं.

पुढे जिवंत पिलांवर प्रयोग झाला. अर्काने ताप जरा उशिरा चढला, इतकंच. पिलं काही वाचली नाहीत. हे तानुबाईला समक्षच सांगायचं म्हणून त्रिवेणी पुन्हा पेडगावला गेली.

शेडमध्ये आता शेळ्या होत्या. तानुबाईने चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेळ्यास्नी कोनची लस लागती?"

त्रिवेणीने सावकाश सांगितलं. कोणती, कधी, आणि टोचूनही काय टळत नाही, तेही.

"बरं," तानुबाई म्हणाली. "सरकारी डाक्टरलाबी इचारते एकदा."

"विचारा, मावशी," त्रिवेणी म्हणाली, आणि कपातला निवलेला चहा तिने कसाबसा संपवला.