रत्नागिरीला गेलेली मुलाखत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का भोचक. मालकीणही तशीच मिळाली. हेलनबाई इंग्लंडहून येऊन मस्कतच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात बातमीदार झाल्या होत्या. त्या प्रश्न विचारायच्या, मी उत्तरं साठवायचो. पण तासभराच्या बोलण्यातून छापून यायच्या जेमतेम चार ओळी! माझा अगदी जीव जळायचा.

१९९६ साली मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजात काम करताना रत्नागिरीच्या जैनुद्दीनच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली. त्याची मुलाखत मस्कतच्याच वादी अदाई वस्तीत, त्याची बहीण खुदेजा हिच्या घरी झाली. तो आपल्या बोलीत सांगे, ती बाईंना इंग्रजीत समजावे. रत्नागिरीला आईला मात्र दोघांनी काहीच कळवलं नव्हतं.

तेव्हा फोन महाग. लोक कॅसेटवर बोलून ती गावी जाणाऱ्याच्या हाती देत. बाई चहा घेत होत्या तोवर भावंडांनी माझ्यावरच आईसाठी ‘इथे सगळं खुशाल’ अशी कॅसेट भरली. शेजारचा हारून विमानतळावर निघाला होता.

“यल्ला, लवकर दे!” तो दारातून ओरडला, आणि घाईत खुदेजाने मुलाखतीचीच कॅसेट दिली.

बाईंनी घरी जाऊन ऐकलं, तर इंग्रजीचा एक शब्द नाही, नुसतं आईसाठीचं ‘सगळं खुशाल’! मुलाखत रत्नागिरीला गेली होती. बातमी बुडाली, पण त्यांना घोर लागला तो त्या आईचा. महिन्याने उत्तराची कॅसेट आली. तिघं माझ्याभोवती बसली.

“जैनू, रडून झालं माझं,” आई म्हणाली. “त्या बाईनं इतकं विचारलं, पण तू जेवतोस कसा, ते नाय विचारलं.”

खुदेजाने हे इंग्रजीत सांगताच बाई ओशाळल्या. त्यांनी तेच विचारलं.

जैनुद्दीन खाली बघत म्हणाला, “आमच्या खोलीत सगळे कामगार एका थाळ्यात जेवतात. तिथं डावा हात कसा घालू? मी आपला बाहेर बसून चमच्यानं खातो.”

खुदेजालाही हे ठाऊक नव्हतं. सांगता सांगता ती रडू लागली. बाईंनी मला बंद केलं. ती बातमी त्यांनी लिहिलीच नाही. दोन वर्षांनी नोकरी सोडली, मला खुदेजाकडे ठेवलं आणि त्या कादंबरी लिहायला मायदेशी गेल्या.

२००५ साली त्या आपलं पुस्तक घेऊन खुदेजाकडे आल्या.

“यात माझं नाव हाय?” जैनुद्दीनने विचारलं.

बाईंचं उत्तर खुदेजाने सांगितलं, “नाव नाय. पण यातला माणूस खोलीतच जेवतो. बाकीचेही चमचे घेऊन बसतात.”

त्याने पुस्तक उघडून खुदेजापुढे धरलं, “ते पान दाखव.”

मित्रांनो, माझी बटणं आता अडकतात. आई राहिली नाही, तिच्या आवाजाची कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. जुनी वस्तू भंगारात देण्याआधी झाकण उघडून बघा. आणि जेवताना कुणी एकटा उठून बाहेर जात असेल, तर त्याला विचारा.